पावकिलोच्या विमानाचा पासपोर्ट

आमच्या लहानपणी घरात सरकारी परवाना लागणाऱ्या वस्तू दोनच. एक वडिलांची सायकल. तिला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लटकवलेला असे. दुसरा रेडिओ; त्याचे परवान्याचे पुस्तक दरवर्षी टपाल कचेरीत नेऊन, पैसे भरून, त्यावर शिक्का मारून आणावा लागे. वडील रत्नागिरीत मास्तर होते. ही दोन्ही कामे ते इतक्या निष्ठेने करीत, की बिल्ला मिळायला उशीर झाला तर ते चार दिवस सायकल हातात धरून चालत शाळेत जात. ‘सायकल आपली, पण रस्ता सर्वांचा,’ असे त्यांचे म्हणणे असे.

त्याच वडिलांचा धाकटा मुलगा सत्तरी ओलांडल्यावर एका विमानाच्या नोंदणीच्या भानगडीत पडेल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर घरात हसून हसून पुरेवाट झाली असती. पण झाले खरे तसे! आता विमान म्हणजे केवढे? तर पोह्यांच्या बशीएवढे. वजन २४९ ग्रॅम. म्हणजे वाण्याकडच्या पावकिलो चहाच्या पुड्याहून बरोबर एक ग्रॅम कमी. हा एक ग्रॅम कमी का, त्यालाही एक इतिहास आहे. तो पुढे येईलच.

हे विमान, म्हणजे आजच्या भाषेत ड्रोन, माझ्या नातवाचे. नातू अकरा वर्षांचा. कन्या आणि जावईबापू नोकरीनिमित्त हॉलंडात आइंडहोवनला असतात. आणि या सगळ्या प्रकरणाचे मूळ मात्र हॉलंडात नसून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या दादांच्या पडवीत आहे.

दादांची इच्छा

दादा माझे थोरले बंधू. वय ८६. गुडघे गेल्यापासून पडवी, ओटी आणि खळे एवढीच त्यांची पृथ्वी. आमची आंब्याची बाग समोरच्या उतारावर चढत जाते आणि तिचे वरचे टोक सड्याच्या कडेला भिडते. त्या टोकाला पायरीचे एक जुने झाड होते. दादांच्या बारशाच्या दिवशी आजोबांनी ते लावले, म्हणजे झाड आणि दादा एका वयाचे. खालच्या खळ्यातून ते दिसत नाही. पाखाडी चढून अर्धा तास गेले म्हणजे दिसते.

‘होते’ असे मी लिहिले, ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मे २०२१ मधले तौक्ते वादळ कोकणची किनारपट्टी झोडपीत गेले, त्यात ते झाड मुळासकट आडवे झाले. दादा तेव्हा नुकतेच मोठ्या आजारातून उठले होते. वहिनी, पुतण्या आणि मी, तिघांनी मिळून ठरवले की एवढ्यात त्यांना सांगायचे नाही. ‘एवढ्यात’ म्हणता म्हणता वर्षे गेली. ‘झाड कसे आहे?’ असे त्यांनी विचारले, की ‘झकास!’ असे आम्ही सांगायचे आणि उन्हाळ्यात दुसऱ्याच झाडाची फळे त्यांच्या पानात ‘आपली पायरी’ म्हणून वाढायची. खोटे एकदा बोलले की दरवर्षी त्याचेही नूतनीकरण करावे लागते, रेडिओच्या पुस्तकासारखे!

अशात एके दिवशी नातू फोनवर दादांना म्हणाला, ‘दादाआजोबा, दिवाळीला येताना मी माझा ड्रोन आणतो. तुम्ही पडवीत बसायचं. मी तुम्हाला बाग वरून दाखवतो.’

दादांचा चेहरा असा उजळला म्हणता! म्हणाले, ‘अरे, मग माझं झाड दिसेल की!’

माझ्या पोटात मात्र खड्डा पडला.

माणसाला नंबर, यंत्राला चिकटपट्टी

त्याच उन्हाळ्यात मी आणि सौ. आइंडहोवनला गेलो होतो. नातवाचे यंत्र तिथेच विकत घेतलेले. मला वाटले होते, दुकानातून आणले की उडवायचे. पण जावईबापूंनी आधी संगणकावर बसून सरकारदरबारी नाव नोंदवले. हॉलंडात मोटारींची नोंद जे खाते करते, त्याच खात्याकडे हे काम आहे. तिथे एक गोष्ट मला नवीन कळली. युरोपात साध्या वापरासाठी यंत्राची नोंद होतच नाही; नोंद होते ती ते बाळगणाऱ्या माणसाची! त्याला एक क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक त्याच्या मालकीच्या प्रत्येक ड्रोनवर चिकटवायचा. जावईबापूंचा क्रमांक ‘एनएलडी’ या अक्षरांनी सुरू होतो. त्याची शेवटची तीन अक्षरे गुप्त ठेवायची असतात. ती पट्टीवर छापायची नाहीत, बँकेच्या परवलीच्या आकड्यासारखी मनात ठेवायची.

मी म्हटले, ‘अहो, एवढ्याशा खेळण्याला कशाला हवा हा सोपस्कार?’

ते म्हणाले, ‘बाबा, खेळणं असतं तर नसता लागला. पण ह्याला कॅमेरा आहे.’

नियम असा: ड्रोन २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल, अगर हलका असूनही त्याला कॅमेरा असेल व तो निव्वळ खेळणे म्हणून विकलेला नसेल, तर मालकाने नोंदणी केलीच पाहिजे. जड यंत्र डोक्यात पडेल ही भीती. हलके यंत्र शेजाऱ्याच्या माडीत डोकावेल ही भीती. दोन्ही भीती रास्तच म्हणायच्या. शिवाय जमिनीपासून १२० मीटरच्या वर जायचे नाही, यंत्र नजरेआड जाऊ द्यायचे नाही, गर्दीवरून न्यायचे नाही. चालवणाऱ्याचे वय साधारणपणे सोळा हवे. आमचा नातू अकराचा, म्हणून बाप शेजारी उभा राहिल्याखेरीज यंत्र पेटीबाहेर निघत नसे. जड यंत्र असते तर संगणकावर चाळीस प्रश्नांची परीक्षाही द्यावी लागली असती. २५० ग्रॅमच्या आत असल्यामुळे माहितीपुस्तक वाचण्यावर भागले.

हे नियम युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. त्यांचे खरे महत्त्व मला पटले ते बार्ल नावाच्या गावी.

उंबऱ्यावरची सरहद्द

आइंडहोवनहून मोटारीने फार दूर नाही. अर्धे गाव हॉलंडचे, अर्धे बेल्जियमचे. पण मधोमध रेघ आहे असे नव्हे. एखाद्या पोराने थाळी फोडावी तसे बेल्जियमचे बावीस तुकडे हॉलंडच्या जमिनीत विखुरलेले आहेत. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची ओळ जाते. एका अंगाला ‘एनएल’, दुसऱ्या अंगाला ‘बी’. ती ओळ सरळ चालत चालत एखाद्या घरात शिरते आणि मागच्या दाराने बाहेर पडते. मग घर कोणत्या देशाचे? तर ज्या देशात पुढचे दार असेल त्याचे. आमच्या सौ. ने एक पाय हॉलंडात आणि एक पाय बेल्जियमात ठेवून फोटो काढून घेतला आणि म्हणाली, ‘आपल्याकडे ह्यावरून सात पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.’

नातवाने लगेच विचारले, ‘इथे ड्रोन उडवला तर?’ वस्तीत, लोकांच्या डोक्यावर तो उडवायचा नाही म्हणून पेटी उघडलीच नाही. पण प्रश्न मोठा मार्मिक होता. जावईबापूंनी समजावले ते असे: हॉलंडात केलेली नोंदणी बेल्जियमातही चालते. युरोपीय संघाचे सत्तावीस देश, शिवाय नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि २०२३ पासून स्वित्झर्लंड, एवढ्या सर्वांत तो एकच क्रमांक पुरतो. दोन देशांत नाव नोंदवायचे म्हटले तरी नोंदवता येत नाही. एका माणसाला एकच क्रमांक. जो त्या देशांत राहतो त्याने राहत्या देशात नोंदवायचे. तुमच्या-आमच्यासारखा बाहेरचा पाहुणा असेल, तर ज्या देशात प्रथम ड्रोन उडवायचा तिथे. मात्र विमा सक्तीचा की नाही आणि कोणत्या जागी उडवण्यास बंदी आहे, हे ज्याचे त्याचे वेगळे. जर्मनीत, उदाहरणार्थ, विमा लागतोच. म्हणजे ओळखपत्र एक, पण प्रत्येक घरचे रीतिरिवाज निराळे. माहेरवाशिणीने सासरच्या रिवाजाने वागावे तसे!

आकाशाची मालकी

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय?

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिसला देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ठरवले, की ज्याची जमीन त्याचेच वरचे आकाश. जहाजाला जसा एका देशाचा झेंडा असतो, तसेच विमानालाही एका देशाचे नागरिकत्व हवे. पुढे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला जो करार झाला, तो आजही जगाच्या विमानवाहतुकीचा पाया आहे. त्या सभेत भारतही होता. त्या करारात म्हटले आहे, की विमान ज्या देशात नोंदले त्या देशाचे ते नागरिक आणि एका वेळी दोन देशांत नोंद चालणार नाही. आपल्या प्रत्येक विमानावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात ती ह्याचसाठी. मुंबईकराला ‘व्हीटी’ म्हटले की स्टेशन आठवते. पण बिनतारी संदेशांसाठी देशांना अक्षरे वाटून दिली गेली, त्यात ही आपल्या वाट्याला आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या छोट्या विमानाच्या अंगावरही ‘व्हीटी-एडीएन’ असेच लिहिलेले होते.

आणि आश्चर्याची गोष्ट ही, की १९४४ च्या त्या करारातले आठवे कलम बिनवैमानिकाच्या विमानाबद्दल आहे. कोणतेही बिनवैमानिकाचे विमान दुसऱ्या देशाच्या खास परवानगीवाचून त्याच्या हद्दीवरून उडवता येणार नाही, असे ते सांगते. नातवाचे खेळणे जन्माला येण्याआधी सत्तर-ऐंशी वर्षे त्याच्यासाठी पाटी लिहून ठेवलेली!

आता तो एक ग्रॅम. २०१५ साली अमेरिकेत नोंदणीची मर्यादा ठरवायला एक समिती बसली. तिने हिशेब केला, की पावकिलोचे यंत्र उंचावरून खाली पडताना सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेग गाठील आणि त्या आघाताची शक्ती सुमारे ८० ज्यूल होईल. त्याच्या पुढे माणसाच्या जिवाला धोका फार वाढतो. म्हणून २५० ग्रॅमची रेघ ओढली गेली आणि कारखानदारांनी लगोलग २४९ ग्रॅमची यंत्रे काढली. कायदा आणि व्यापारी ह्यांचे नाते सर्व देशांत सारखेच आहे.

अमेरिकेची सक्ती २१ डिसेंबर २०१५ पासून सुरू झाली. एक हौशी उडवणारा कोर्टात गेला; मे २०१७ मध्ये छंदाच्या यंत्रांपुरती ती सक्ती रद्द झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा करून ती परत आणली. तिथे नोंदणीला पाच डॉलर पडतात आणि ती तीन वर्षे चालते. परदेशी पाहुण्याने नोंदवले तर त्या कागदाला अमेरिकन नागरिकत्वाचे मोल नाही. ती केवळ मालकीची पावती, असे तिथले विमानखाते स्पष्ट सांगते. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे खाडी ओलांडली की हॉलंडचा क्रमांक निरुपयोगी. तिथे मालकाचा एक क्रमांक, उडवणाऱ्याचा दुसरा. आणि १ जानेवारी २०२६ पासून कॅमेरा असलेले १०० ग्रॅमचे यंत्रही त्या नियमात आले. मोरोक्कोसारख्या देशात तर पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच अडकतो आणि इजिप्तमध्ये संरक्षण खात्याची परवानगी नसेल तर न नेलेला बरा.

एवढे सगळे वाचूनही मी एका देशाचे नियम पाहायला विसरलो. कोणत्या, ते सांगायला नकोच. आपल्याच!

लाल दरवाजा

दिवाळीच्या चार दिवस आधी मंडळी आली. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा असतात: ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्यांची हिरवी आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची लाल. जावईबापू कामामुळे मागे राहिले होते. कन्या नातवाचा हात धरून सरळ लाल वाटेने गेली. पाठीमागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिला हळूच सुचवले म्हणे, ‘ताई, एवढीशी तर पेटी आहे. खाऊच्या डब्याखाली ठेवा आणि चला हिरव्यातून.’

ती म्हणाली, ‘मुलगा बरोबर आहे.’

टेबलामागचे अधिकारी वयस्क होते. त्यांनी पेटी उघडली, जावईबापूंचा क्रमांक पाहिला आणि म्हणाले, ‘बाई, हा क्रमांक तिकडचा. इथे त्याचा उपयोग नाही.’ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणण्यास बंदी आहे. संशोधन आणि संरक्षण अशा कामांपुरता अपवाद. सुटे भाग मात्र आणता येतात, म्हणजे यंत्रे इथेच जुळावीत असा त्यामागे विचार. शिवाय २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाईदलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली होती, हेही विसरून चालत नाही. पंजाबच्या सरहद्दीवर रात्री-अपरात्री असलीच यंत्रे अमली माल टाकून जातात. सरकारने सावध राहू नये तर काय करावे?

नातवाचे डोळे भरून आले. तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी त्याला समजावले. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात एक कलम आहे, ऐंशी क्रमांकाचे. प्रवाशाने स्वतः होऊन खरे सांगितले असेल, तर त्याच्या विनंतीवरून ती वस्तू ठेवून घेता येते आणि देश सोडताना परत करता येते. त्यांनी पेटीला मोहोर लावली आणि पावती नातवाच्या हातात दिली. म्हणाले, ‘लपवून नेला असतास तर जप्त झाला असता, आईला दंड झाला असता. तू सांगितलंस, म्हणून ही पावती. जपून ठेव.’

कन्येने हे सारे घरी आल्यावर सांगितले. नातू हिरमुसला होता. सौ. हळहळत होती. आणि मी? वाचकहो, मला खोटे बोलायचे नाही. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. यंत्र अडकले, झाडाचे गुपित वाचले!

पण गावी गेलो, आणि दादांनी नातवाला जवळ घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, ‘काय रे, तुझं विमान?’ नातवाने खिशातून पावती काढून दाखवली. दादांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि म्हणाले, ‘शाबास! तुझ्या पणजोबांना आवडलं असतं हे.’ त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा वर्षांच्या पोराने आपली सर्वांत प्रिय वस्तू लाल वाटेने नेली होती; आणि त्याचा सत्तरीचा आजोबा इतकी वर्षे हिरव्या वाटेने खोटे पार करीत होता.

खळ्यातले उड्डाण

सकाळी पुतण्याला विचारले, तेव्हा कळले की देवरुखकडचा एक तरुण लग्नाची आणि बागांची चित्रे ड्रोनने काढून देतो. त्याला बोलावले. पोरगा मोठा नीटस. यंत्राच्या अंगावर भारताच्या नोंदणीचा क्रमांक ठळक लावलेला. खिशात चालकाचे प्रमाणपत्र. मी त्याची परीक्षाच घेतली म्हणाना!

तो म्हणाला, ‘काका, आपल्याकडे युरोपासारखं नाही. आपल्याकडे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र नंबर.’ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी पूर्वीचे पंचवीस अर्ज पाचांवर आणले आणि बहात्तर प्रकारच्या फिया चारांवर. नोंदणीची फी शंभर रुपये. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’, दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’, त्यापुढे पंचवीस किलोपर्यंत ‘स्मॉल’. दोन किलोपर्यंतचे यंत्र निव्वळ हौसेसाठी उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण तो पैसे घेऊन काम करतो, म्हणून त्याने रीतसर शिकून ते मिळवलेले. देशाच्या नकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे भाग पाडलेले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको, पिवळ्यात हवाई नियंत्रकांची हवी, तांबड्यात केंद्र सरकारची. आमचे गाव हिरव्यात असल्याचे त्याने माझ्यादेखत नकाशावर पाहून घेतले. चारशे फूट म्हणजे जवळजवळ तेच हॉलंडचे १२० मीटर! सरहद्दी कितीही असोत, पडणाऱ्या वस्तूचा वेग सगळीकडे सारखा.

यंत्र दुपारी उडवायचे ठरले. त्याआधी मी पडवीत दादांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटले, ‘दादा, एक सांगायचं राहिलं आहे.’

‘सांग.’

‘तुमचं झाड... वादळात पडलं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही.’

दादा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही. म्हणाले, ‘मला ठाऊक आहे.’

‘कुणी सांगितलं?’

‘आंब्यानं. अरे, तुम्ही पानात वाढता तीही पायरीच. पण ती आपली नव्हे. आपल्या झाडाच्या फळाला देठाशी वास येई, तो मी ऐंशी वर्षं घेतलाय. पहिल्याच मोसमाला कळलं मला.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुम्ही सगळे एवढ्या मायेनं खोटं बोलत होता. मी खरं बोलून तुमचा विरस कशाला करू?’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण एकट्यानं आंबा खाताना वाईट वाटायचं. झाडाबद्दल कुणाशी बोलता येत नव्हतं. आज सांगितलंस, बरं झालं.’

दुपारी खळ्यात त्या तरुणाने सारवलेल्या जमिनीवर चटई अंथरली. यंत्र भुंग्यासारखे गुणगुणत वर गेले आणि बागेवर ठिपक्याएवढे दिसू लागले. त्याने हातातला पडदा दादांसमोर धरला. कलमांचे गोल शेंडे, मधली पाखाडी, पऱ्याची रेघ, आणि वर सड्याच्या कडेला एक मोकळी जागा. तिथे जुने खोड आडवे पडले होते आणि त्याच्या पलीकडे पुतण्याने गुपचूप लावलेले एक कोवळे कलम काठीला बांधून उभे होते. ते मलाही माहीत नव्हते. घरात दुसरेही गुपित होते म्हणायचे! दादा पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. नातवाने त्यांचा हात धरला होता.

आणि एकाएकी दादा ताठ बसले. ‘थांब, थांब! जरा खाली घे. तो गडगा बघ. दोन हात आत आलाय!’

पुतण्याने खाली मान घालून सांगितले. झाड पडले ते गडग्यावर; शेजाऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चाने परत रचला, तेव्हा थोडा सरकला. झाडाबद्दल सांगायचे नव्हते, मग गडग्याबद्दल कसे सांगणार?

दादा हसू लागले, ते खोकला येईपर्यंत. म्हणाले, ‘बघा, एक गोष्ट लपवली की सरहद्द दोन हात सरकते!’

जाता जाता

ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत अशा वाचकांसाठी चार शब्द. तिकडून येताना ड्रोन भेट म्हणून मागवू नका. आणलाच गेला तर लाल वाटेने जा, स्वतः होऊन सांगा, पावती घ्या. इथला नोंदलेला ड्रोन बाहेर नेणार असाल, तर निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याचा निर्यात दाखला करून घ्या आणि खरेदीची पावती जवळ ठेवा, म्हणजे परत येताना तो परदेशात घेतला नाही हे दाखवता येईल. बॅटऱ्या सामानात टाकू नका. टोके झाकून हातातल्या पिशवीत ठेवा. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या चालतात, त्यापुढे विमान कंपनीला विचारावे लागते. आणि ज्या देशात जायचे, तिथल्या विमानखात्याकडे आधी चौकशी करा. आपला क्रमांक आपल्या वेशीपर्यंतच!

मंडळी परत गेली तेव्हा नातवाने विमानतळावर ती पावती दिली आणि मोहोर लावलेली पेटी जशीच्या तशी परत मिळाली. त्याचा फोन आला, तो दादांनी घेतला.

‘दादाआजोबा, ड्रोन मिळाला!’

‘मिळणारच,’ दादा म्हणाले. ‘पावती होती ना तुझ्याकडे.’ मग माझ्याकडे पाहून त्यांनी अडकित्ता उचलला.

गडगा अजून तिथेच आहे. शेजाऱ्यांना काही बोलायचे नाही, असे दादांनी ठरवून टाकले आहे. मात्र पावसाळ्यानंतर नव्या कलमाला किती फुटी आल्या, हे पाहायला देवरुखच्या त्या पोराला पुन्हा बोलवायचे, असा त्यांचा हुकूम सुटला आहे.